न घडलेल्या रात्रीची कॅसेट

"ती रात्र घडलीच नाही, असं सरकारनं मला चौथ्यांदा लिहून कळवलंय," व्हर्जिल लॉकार्ड म्हणाला. "पन्नास वर्षांनी पुरावा हाती लागला, तर तोही कुणीतरी पळवला!"

"बसा, व्हर्जिलकाका," नादीन प्रोकॉप म्हणाली.

"काय?"

"बसा!"

"झालं," खिडकीजवळून ब्युएल स्टिडम पुटपुटला. "खाली दुकानात ऑस्करसुद्धा बसला असेल."

नादीनचं ऑफिस ऑस्करच्या दुकानावर आहे. ऑस्कर खिळे, रंग, दोरखंड विकतो आणि रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. हार्लो क्रीकमध्ये हे काम करणारा आता तोच एक उरलाय. कोळशाची खाण बंद पडल्यापासून आमच्या गावात प्रत्येक गोष्ट एकेकच उरली आहे. डॉक्टर एक, बँक एक आणि खासगी गुप्तहेरही एकच.

नादीन पूर्वी लष्करी पोलिसांत होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाळवंटात राहिली. त्यांच्या भरपाईचा सरकारकडचा दावा तिला तीनदा लढावा लागला, आणि तिसऱ्यांदा तो जिंकून दिला आमच्या माजी सैनिकांच्या हॉलनं. ब्युएल नौदलात आचारी होता. त्याचे गुडघे गेलेत, भूक मात्र शाबूत आहे. नादीनच्या मागेमागे हिंडणं हा त्याचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

व्हर्जिल बसला. सत्तरीचा उंच माणूस, पण पाठ अशी वाकलेली की उंची सांगावी लागते.

"सुरुवातीपासून सांगा," नादीन त्याच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली. त्या कानात थोडंफार शिल्लक होतं.

"व्हिएतनाम. वीस वर्षांचा होतो. आमच्या खंदकावर तोफगोळा पडला. कान गेले, पाठ मोडली. जाग आली ती जपानच्या इस्पितळात. मधले किती दिवस गेले, देवाला ठाऊक. मी समजत होतो, जानेवारीत झालं. चारही वेळा पेन्शनच्या अर्जात जानेवारीच लिहिला. त्यांनी जानेवारीचे कागद चाळले आणि कळवलं, असा हल्ला झालेलाच नाही. पाठ नंतर खाणीत मोडली असेल, म्हणे."

"आणि पुरावा?"

"कॅसेट. मला लिहायचा कंटाळा, म्हणून आईला बोलून पाठवायचो. गेल्या आठवड्यात तिचं घर रिकामं करताना शिवणयंत्राच्या पेटीत ही एक सापडली. माझ्या सामानाबरोबर घरी आलेली. आईनं ऐकली असणार, म्हणूनच लपवली असणार. सुरुवात नेहमीची: 'आई, आज रविवार, नऊ मार्च, इथं फार चिखल आहे, मी ठीक आहे.' मार्च! पन्नास वर्षं मी चुकीचा महिना सांगत होतो, पोरी!"

"पुढे?"

"पुढे मी आईशी बोलतोय, ते मला ऐकू येतं. मागचं येत नाही. ते हॉलवरच्या लॉयलनं ऐकून सांगितलं. कुणी पोरगा हसतो आणि ओरडतो, 'तुझ्या आईला सांग, केक नको, पाकातले पीच पाठव!' मग स्फोट. तो मला हाताला कळतो, टेबल थरथरतं. मशीन नेहमी माझ्या गळ्यात अडकवलेलं असायचं, ते बंद करायचं राहून गेलं, म्हणून पुढचंही आलंय. किंकाळ्या, आणि कुणीतरी 'व्हर्ज! व्हर्ज!' म्हणून हाका मारतंय. नंतरचा नुसता गोंगाट आहे, असं लॉयल म्हणतो."

"तो पोरगा कोण?"

"आवाजच ऐकू येत नाही तर ओळखू कसा? खंदकात कितीतरी पोरं यायची-जायची." व्हर्जिलनं टोपी हातात चुरगळली. "काल मंगळवार. हॉलवर सगळ्यांसमोर वाजवली, डब्यात घालून तिथल्या कपाटात कुलूपबंद केली. आज सकाळी डबा आहे, कुलूप आहे, कॅसेट नाही. परवा सुनावणी. आता नुसतं तोंडानं मार्च म्हटलं, तर न्यायाधीश म्हणतील, म्हातारा दरवेळी महिना बदलतो."

तो थांबला. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"माझ्या बायकोला, नोलाला, आताशा काही आठवत नाही. सकाळी चूल पेटवते आणि विसरते. पेन्शन लागली तर घरी बाई ठेवता येईल. नाही लागली तर तिला वृद्धाश्रमात ठेवावं लागेल. तिथं ती मला शोधत बसेल, नादीन. घरात असूनही शोधते."

ब्युएलनं खिडकीबाहेर पाहिलं. नादीननं कोट उचलला.

"चला," ती म्हणाली.

---

हॉलच्या दारात शिरताच ब्युएलनं झटकन टोपी काढली. आमच्या हॉलचा तो नियमच आहे. जो टोपी घालून आत येईल, त्याच्या नावानं घंटा वाजते आणि सगळ्यांची कॉफी त्याच्या माथी बसते. घंटा दाराशीच टांगलेली आहे, आणि ती वाजवण्यात लॉयल मेट्झला जो आनंद होतो, तो त्याला लग्नातसुद्धा झाला नसेल.

मंगळवारी इथं दाव्यांचं टेबल भरतं. एक लिहितो, दुसरा वाचतो, तिसरा सरकारला शिव्या घालतो. डॉक्टरचा दाखला कसा मागायचा, नकार आला तर किती दिवसांत अपील करायचं, न्यायाधीशासमोर 'ठीक आहे' हा शब्द का उच्चारायचा नाही, हे सगळं जुने नव्यांना शिकवतात. नाहीतर नुसत्या चकरा मारून माणूस मेटाकुटीला येतो. या टेबलाचा मुखिया लॉयल. मरीन दलातला, बायकोच्या माहेरी म्हणून पंधरा वर्षांपूर्वी आमच्यात आला आणि बायको गेल्यावरही इथंच राहिला. तोंडाचा फाटका, कामाचा पक्का.

"लॉकार्ड, तुला सांगितलं होतं ना, घरी बस म्हणून?" तो खेकसला. मग नादीनकडे वळला. "प्रोकॉप, आलीस? स्टिडम, बिस्किटांना हात लावू नकोस."

"हा सगळ्यांना आडनावानं का हाका मारतो?" ब्युएल कुरकुरला. "मला वाटतं, शाळेत मार खायला उभा आहे."

"फौजेत पहिलं नाव फक्त आईसाठी असतं," लॉयल म्हणाला. "जहाजावर तुला काय लाडानं हाका मारत होते?"

"आडनावानंच. म्हणून तर सोडलं."

नादीननं कपाट पाहिलं. कुलपावर ओरखडासुद्धा नव्हता. "चावी?"

"माझ्याकडे एक. दुसरी स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्यामागे खिळ्याला. हॉलमधल्या सगळ्यांना माहीत आहे."

"आज कपाट का उघडलं?"

"नक्कल करून ठेवायला. घरून दुसरं मशीन आणलं होतं. मूळ कॅसेट शुक्रवारी सुनावणीत ऐकवायची आणि तिथंच जमा करायची. तिकडे गेलेली वस्तू परत कधी येते?" लॉयलनं कपाळ चोळलं. "काल हेच विचारलं कुणीतरी. स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, 'परत मिळते का ती?' मी मान न वळवताच म्हटलं, 'तिथं गेलेलं आजवर काही परत आलंय?' सगळे हसले."

"कोण होतं?"

"पाहिलं नाही. तिकडे कॉफीसाठी रांग होती. नक्कल करणार हे काल बोललो असतो तर बरं झालं असतं, पण सुचलं आज सकाळी."

"तुमचं आणि व्हर्जिलकाकांचं काल भांडण झालं म्हणे?"

"भांडण? मी ओरडलो! चार वर्षं मला जानेवारी, जानेवारी म्हणून सांगितलंन या गाढवानं! जानेवारीसाठी मी कुठं कुठं खेटे घातले!" लॉयलचा आवाज एकदम बसला. "मला चोर म्हणतोय का तो?"

"काही म्हणत नाहीत ते. बाहेरचं कुणी आलं होतं काल?"

"तो ट्रेंट व्हिटेकर. दावे मिळवून देतो आणि त्यातला लचका तोडतो. लॉकार्ड आधी त्याच्याकडे होता. काल ऐटीत हॅट घालून आत आला. मी दोरी ओढली. सगळ्यांची कॉफी तुझ्याकडून, म्हटलं. लालबुंद होऊन गेला निघून. तोवर मशीनची वायरसुद्धा लावली नव्हती आम्ही."

ब्युएल एवढ्यात हॉलच्या कोपऱ्यात पोचला होता. तिथं भिंतीला लागून एक लहान गोल टेबल आहे. पांढरी चादर, एक लाल गुलाब, उपडा पेला, बशीत लिंबाची चकती आणि चिमूटभर मीठ. समोर रिकामी खुर्ची. जो परत आला नाही, त्याच्यासाठी ते मांडलेलं असतं. लिंबू त्याच्या वाट्याला आलेल्या कडवट नशिबासाठी, मीठ वाट पाहणाऱ्यांच्या अश्रूंसाठी. त्या खुर्चीवर कुणी बसत नाही, त्या टेबलाला कुणी हात लावत नाही. व्हर्जिल तर हॉलमध्ये नेहमी त्या टेबलाकडे पाठ करून बसतो.

आज बशीशेजारी एक काचेची वाटी होती. पाकातले पीच, सोनेरी, चकाकणारे.

"हे कुणी ठेवलं? वाया जातील," ब्युएल म्हणाला आणि त्याचा हात पुढे गेला.

चटकन त्याच्या मनगटावर लाकडी डाव बसला. ऑर्फा गेन्ट्री कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नव्हतं.

"लाज नाही वाटत? वाच, काय लिहिलंय ते!"

गुलाबाच्या भांड्याआड एक पितळी पट्टी होती. ब्युएलनं चष्मा सावरून वाचलं. "डेल गेन्ट्री. बेपत्ता. ९ मार्च १९६९." तो ओशाळला. "चुकलो, ऑर्फाताई."

डेल हा ऑर्फाचा धाकटा भाऊ. हे टेबल तीच मांडते, दर मंगळवारी नवं लिंबू, नवा गुलाब. चौऱ्याहत्तरीची आहे, पण हॉलचं स्वयंपाकघर अजून तिच्याच तालावर चालतं.

---

ट्रेंट व्हिटेकर महामार्गावरच्या काचेच्या ऑफिसात बसतो. दात फार पांढरे आहेत त्याचे.

"लॉकार्डचं काही चोरीला गेलं, असं ऐकलं," तो म्हणाला. "फोटो ना? वाईट झालं."

"कसला फोटो?"

"मला काय माहीत? पेट्रोल पंपावर कुणीतरी म्हणालं. हे बघा बाई, मला चोरी करायची गरज काय? त्या हॉलमधली म्हातारी मंडळी दावे स्वतःच बुडवतात. मी नुसता वाट बघतो. बुडाले की येतात माझ्याकडे, टोपी हातात घेऊन."

"तुम्ही मात्र डोक्यावर घेऊन गेलात," ब्युएल म्हणाला.

पांढरे दात दिसेनासे झाले.

"हाच!" गाडीत बसताना ब्युएल ठासून म्हणाला. "बघितलंस, कसा गुळगुळीत बोलतो? मुद्दाम फोटो म्हणाला, आपल्याला चकवायला."

"त्याला चावीचा खिळा माहीत आहे?"

"तसा नाही," ब्युएलनं जरा विचार केला. "मग लॉयल. त्याच्याकडे चावीच आहे."

"तुला कुणीही चालेल, फक्त जेवणाच्या आधी सापडायला हवा."

---

स्वयंपाकघरात ऑर्फा पीठ मळत होती. घेवड्याचं भांडं चुलीवर रटरटत होतं.

"आज इथं सुनं सुनं का वाटतंय?" ब्युएलनं विचारलं. "हां, तुझी भजनं कुठं गेली, ताई? त्यांच्याशिवाय तुझा पाव फुगत नाही म्हणतात."

"रेडिओ बिघडलाय. दुरुस्तीला दिलाय."

नादीननं फळीकडे पाहिलं. पिठाच्या पातळ थरात एक स्वच्छ चौकोन होता, मोठ्या रेडिओच्या आकाराचा.

"मावशी, काल कॅसेट वाजवली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"इथंच. नळ चालू होता, भांडी घासत होते. मला नाही काही ऐकू आलं. जुन्या लढायांचे आवाज ऐकून करायचंय काय?"

"रांगेत कोण कोण होतं?"

"नेहमीचेच. कॉफी फुकट असली की रांग असायचीच." ऑर्फानं पिठावर मूठ आपटली. "व्हर्जला म्हणावं, जीवाला लावून घेऊ नकोस. सापडेल. सरकारदरबारी वस्तू देण्यापेक्षा हरवलेली बरी, कधीकधी. आईनं काय काय पाठवलं होतं त्यांच्याकडे."

"काय पाठवलं होतं?"

"पाव जळेल," ऑर्फा म्हणाली आणि भट्टीकडे वळली. भट्टी अजून पेटवलेली नव्हती.

बाहेर पडताना नादीन कोपऱ्यातल्या टेबलासमोर थांबली. ऑफिसचा जिना चढण्याआधी ऑस्करच्या दुकानात डोकावली, त्याच्या कामाच्या फळीवरून नजर फिरवली आणि वर गेली.

"ब्युएल," ती म्हणाली, "जहाजावर तुला कुणी कधी 'ब्युएल' म्हटलं?"

"एकानं. आमच्याच गावचा होता, म्हणून. का?"

"उद्या सकाळी सगळ्यांना हॉलवर बोलाव. ट्रेंट नको. आपल्या माणसांतली गोष्ट आहे."

ब्युएल तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिच्या आवाजात चोर सापडल्याचा आनंद मुळीच नव्हता.

---

गुरुवारी सकाळी दाव्यांच्या टेबलाभोवती चौघं बसले. व्हर्जिल, नेहमीसारखा कोपऱ्याकडे पाठ करून. लॉयल, हाताची घडी घालून. ब्युएल. ऑर्फा कॉफी ओतून झाल्यावर निघाली होती, पण नादीननं तिच्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हा बसली.

"मी आधी विचार केला, कॅसेट नको कुणाला आहे," नादीननं सुरुवात केली. ती व्हर्जिलला ओठ दिसतील अशी बसली होती आणि सावकाश बोलत होती. "ट्रेंटला? त्याला घंटा वाजवून हाकलला, तेव्हा मशीनची वायरही लावली नव्हती. काय चोरीला गेलं हेसुद्धा त्याला धड माहीत नाही. आणि चावीचा खिळा बाहेरच्याला सापडत नाही."

"उरलो मी," लॉयल गुरगुरला.

"तुम्हाला चोरायची गरजच नव्हती. कॅसेट तुम्हीच घेऊन जाणार होता. वाटेत हरवली म्हणाला असतात, तर कुणीही विश्वास ठेवला असता. उलट तुम्ही सकाळी नक्कल करायला गेलात, म्हणून तर चोरी उघडकीला आली."

लॉयलच्या हातांची घडी जरा सैल झाली.

"मग मी प्रश्न उलटा केला. कॅसेट नको असणारा माणूस सोडा. ती हवी कुणाला आहे? ज्यानं नेली तो ती ऐकत असेल, तर? ऐकायला यंत्र लागतं. आजकाल कॅसेटचं यंत्र असतं कुणाकडे? लॉयलचं इथंच होतं. दुसरं होतं स्वयंपाकघरातल्या मोठ्या रेडिओत, भजनांच्या कॅसेटी वाजवणारं. ते त्याच दिवशी गायब झालं. दुरुस्तीला दिलंय म्हणे. गावात दुरुस्ती करणारा एकच, माझ्या जिन्याखाली. त्याच्या फळीवर दोन पंखे आणि एक मिक्सर आहे."

ब्युएलनं कप खाली ठेवला. ऑर्फा आपल्या हातांकडे बघत होती.

"तरी मला कारण कळेना. मग 'व्हर्ज' आठवलं. फौजेत पहिलं नाव आईसाठी असतं, लॉयल म्हणाले. लॉयल अजून 'लॉकार्ड' म्हणतात. मग त्या खंदकात व्हर्जिलकाकांना 'व्हर्ज' म्हणणारा कोण? ज्याला ते फौजेच्या आधीपासून माहीत होते असाच कुणीतरी. त्या तुकडीत हार्लो क्रीकचा आणखी कोण होता, काका?"

व्हर्जिलचा चेहरा पांढरा पडला. "डेल. आम्ही एकाच बसनं गेलो. पण डेल नंतर... मी जखमी झाल्यावर दोन महिन्यांनी..."

"तुम्ही जखमी झालात जानेवारीत, असं धरून चाललात म्हणून दोन महिने. वळा, काका. ते टेबल बघा."

व्हर्जिल वळला नाही. "मला नाही बघवत. मी परत आलो, तो नाही आला. ऑर्फाला तोंड दाखवायची लाज वाटते मला पन्नास वर्षं."

"पट्टीवर नऊ मार्च लिहिलंय," नादीन म्हणाली. "तुमच्या कॅसेटवरही नऊ मार्चच आहे. रात्र एकच होती, काका."

स्वयंपाकघरात घेवड्याच्या भांड्यावरचं झाकण तेवढं खडखडत होतं.

"लॉयल बाहेरगावचे, त्यांनी डेलचा आवाज कधी ऐकलेला नाही. काकांना ऐकूच येत नाही. तो आवाज ओळखणारं त्या वेळी इथं एकच माणूस होतं." नादीननं ऑर्फाच्या हातावर आपला तीन बोटांचा हात ठेवला. "मावशी, नळ चालू होता म्हणालात. पण त्या पोरानं पीच मागितले हे तुम्ही ऐकलंत. इतकी वर्षं ज्या टेबलावर लिंबू आणि मीठ सोडून काही ठेवलं नाहीत, तिथं दुसऱ्या दिवशी वाटी ठेवलीत. भाऊ काहीतरी मागत होता, तुम्हाला राहवलं नाही."

ऑर्फानं एप्रनच्या खिशात हात घातला. कॅसेट बाहेर काढून टेबलावर ठेवली.

"काल सकाळीही खिशातून आणली होती," ती म्हणाली. "परत ठेवायलाच. आजही. हात होईना. आईनं पेन्शनसाठी त्याची सगळी पत्रं पाठवली होती त्यांच्याकडे. सगळी. पुरावा म्हणून मागितली, एक परत आलं नाही. त्याचा आवाज कसा होता, तेही मी विसरत चालले होते. आणि परवा भांडी घासताना तो माझ्या पाठीमागे हसला." तिनं तोंडाला एप्रन लावला. "व्हर्ज, तुझ्या नोलाचं वाटोळं करत होते मी. मला कळत होतं रे. शुक्रवारच्या आधी दिली असती. शपथ."

लॉयल उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा ओरडणार.

"मला विचारायचं तरी!" त्याचा आवाज चिरकला. "नक्कल काढायला किती वेळ लागतो? नाही, तू विचारलंस. मीच थट्टा केली." तो खाली बसला. "माफ कर, ऑर्फा."

व्हर्जिल इतका वेळ कॅसेटकडे बघत होता. "मला बाहेर कुणी काढलं, ते मला कधीच कळलं नाही," तो म्हणाला. "लॉयल म्हणतो, नुसता गोंगाट आहे."

"गोंगाट नाही," ऑर्फा म्हणाली. "दहादा ऐकलं की कळतं."

लॉयलनं मशीन लावलं. वीस वर्षांचा व्हर्जिल आईला चिखलाबद्दल सांगू लागला. मागे कुणीतरी हसलं. पीच मागितले. मग टेबल थरथरलं.

ऑर्फा व्हर्जिलच्या उजव्या कानाशी वाकली आणि मशीनमधल्या आवाजामागोमाग एकेक वाक्य सांगू लागली.

"व्हर्ज! ऐकतोयस ना? मान धर माझी. सोडू नकोस, गाढवा. हां, असा." ती थांबली, तिनं श्वास घेतला. "आता इथंच पडून राहा. आत अजून दोघं आहेत. थांब, मी आलोच."

पुढे खरंच नुसता गोंगाट होता.

व्हर्जिल रडत होता, आणि त्याचं रडणंही मोठ्यानं होतं, कारण त्याला ते ऐकू येत नव्हतं. ब्युएल उगाच बिस्किटांची थाळी इकडून तिकडे सरकवत राहिला.

"आणखी एक," नादीन म्हणाली. "सरकारनं गेन्ट्रींच्या घरी काय कळवलं होतं, मावशी?"

"नऊ मार्चच्या रात्री छावणीवर हल्ला झाला, त्यात डेल बेपत्ता." ऑर्फानं डोळे पुसले. मग तिचा हात हवेतच थांबला. "म्हणजे ती रात्र त्यांना माहीत होती!"

"एका घराला कळवलं, त्या रात्री तुमचा मुलगा गेला. दुसऱ्या घराला चारदा कळवलं, ती रात्र घडलीच नाही. दोन्ही कागद एकाच सरकारचे. जानेवारीत शोधलं म्हणून त्या रात्रीचे कागद सापडले नाहीत, इतकंच. लॉयल, आता कॅसेट एकटी नाही."

लॉयलनं आधीच पेन उचललं होतं. "गेन्ट्री, उद्या साक्षीला येशील?"

"आडनावानं नको रे मारूस हाक," ऑर्फा म्हणाली. "येईन."

---

सुनावणीत न्यायाधीशबाईंनी कॅसेट दोनदा ऐकली. मागचा आवाज कुणाचा, असं त्यांनी विचारलं. ऑर्फा उभी राहून म्हणाली, "माझ्या भावाचा," आणि मूळ कॅसेट परत हवी, असं न विचारता सांगून टाकलं. न्यायाधीशबाईंनी नकलेवर भागवलं. अशीही माणसं तिथं असतात, हे लॉयलला अजून पटलेलं नाही.

निकाल यायला पानगळ उजाडली. त्यात बरंच काही लिहिलं होतं, पण व्हर्जिल एकच ओळ सगळ्यांना दाखवत हिंडला: ९ मार्च १९६९ रोजी हल्ला झाला, हे मान्य. नोला घरीच आहे. दिवसभर एक बाई सोबत असते, आणि व्हर्जिल समोर असूनही नोला त्याला शोधते, तेव्हा ती बाई बोट दाखवते.

त्या मंगळवारी व्हर्जिल हॉलमध्ये आला, टोपी काढली आणि पहिल्यांदाच कोपऱ्यातल्या टेबलाकडे तोंड करून बसला. बरोबर त्यानं पाकातल्या पीचची बरणी आणली होती. ऑर्फानं वाटी भरली, लिंबाशेजारी ठेवली. ब्युएलनं या खेपेला हात मागे बांधून घेतले.

"कॉफी आणते," ऑर्फा म्हणाली. "आलेच."

शब्द तोंडातून गेला आणि ती दारातच थबकली.

व्हर्जिलला तो ऐकू आला नव्हता, पण तो तिच्या ओठांकडे बघत होता.

"ये," तो म्हणाला. "मी इथंच आहे."

ती गेली, आणि दोन कप घेऊन परत आली.